घर, परडे आणि वणवा : कागल परिसरातील गृहरक्षणाचा एक दुर्लक्षित अध्याय

आगीचा इतिहास लिहिताना जे जळाले त्याची नोंद होते. जे जळाले नाही त्याची होत नाही. इ. स. १८२८ च्या फेब्रुवारीत पुण्याचा शनिवारवाडा जळाला आणि १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला, हे इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु दर उन्हाळ्यात भोवतालचे डोंगर आणि माळ पेटत असताही ज्या असंख्य साध्या घरांना धग लागली नाही, त्यांच्या वाट्यास इतिहासाची ओळ येत नाही. ही घरे का वाचली, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या साठ्यात किंवा बंबात शोधून सापडणार नाही. ते घराभोवतीच्या जागेच्या मांडणीत आहे. आणि ती मांडणी जुन्या कागदपत्रांत जितकी आढळते, तितकीच, किंबहुना अधिक, लोकांच्या नित्याच्या शब्दांत टिकून आहे.

या दृष्टीने कागलचा परिसर अभ्यासास सोयीचा आहे. कोल्हापूरच्या आग्नेयेस सुमारे २० किलोमीटरवर, दूधगंगेच्या खोऱ्यात वसलेले हे गाव घाटगे घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. राजर्षी शाहू महाराज जन्माने याच घराण्यातील. पश्चिमेस सह्याद्रीचा अतिवृष्टीचा पट्टा आणि पूर्वेस देशावरील काळी जमीन, यांच्या मधला हा मुलूख. पावसाळ्यात डोंगर, माळ आणि बांध यांवर गवत उदंड माजते. मार्गशीर्ष-पौषात ते वाळते. आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत एखादी ठिणगीही त्यास पुरते. ओल आणि कोरड यांचा हा वार्षिक फेरा लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचा अर्थ लागणार नाही.

१. शब्दांची साक्ष

मराठीत आगीसाठी एकच शब्द नाही. चुलीतला तो विस्तव, त्याचा धगधगता तुकडा तो इंगळ, उडतो तो कण ठिणगी, शेकण्यासाठी पेटवलेली ती आगटी, जळून गेल्यावर खाली राहणारी तापलेली राख तो फुफाटा, आणि रानात मोकाट सुटते ती आग म्हणजे वणवा. 'इंगळ' हा संस्कृत 'अंगार' शब्दाचा प्राकृत 'इंगाल' या रूपातून आलेला वंशज आहे. 'वणवा' या शब्दात 'वन' आणि 'दव' हे दोन घटक दिसतात. 'दव' किंवा 'दाव' म्हणजे रानातील आग, आणि 'दावानल' या तत्सम शब्दात तोच घटक स्पष्टपणे राहिला आहे. गुजराती भाषेत 'दव' हा शब्द याच अर्थाने स्वतंत्रपणेही चालतो.

या शब्दांची वाटणी जागेवरून झालेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विस्तव घरात, आगटी अंगणात, वणवा रानात. ज्या आगीने आपली जागा सोडली तिचे नावही बदलते. म्हणजे आग चांगली की वाईट हे ती कोठे आहे यावर ठरते, अशी समजूत शब्दसंग्रहातच रुजलेली आहे. म्हणीही हेच सांगतात. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण आज निरपराध्यास होणाऱ्या शिक्षेविषयी वापरली जाते. परंतु तिचा मूळ आधार एक शुद्ध निरीक्षण आहे. ओले स्वतः होऊन पेटत नाही. त्याला सुक्याची संगत लागते. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण ज्वाला विझल्याने धोका सरत नाही हे सांगते, आणि 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मदत वेळेवर पोचत नाही हे गृहीतच धरते. मदत पोचणार नाही, असे मानणारा समाज आपली व्यवस्था आगीच्या आधीच करून ठेवतो.

२. चिपळूणच्या छावणीचे पत्र

या व्यवस्थेची सर्वांत स्पष्ट लेखी साक्ष शिवछत्रपतींच्या एका सुप्रसिद्ध पत्रात मिळते. राज्याभिषेकाच्या, म्हणजे इ. स. १६७४ च्या, आगेमागे चिपळूण येथील लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते लिहिलेले आहे. रयतेस तसदी देऊ नये, या आशयासाठी ते नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्याच पत्रातील आगीविषयीचा भाग सहसा दुर्लक्षितच राहतो.

पत्राचा आशय असा : पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत जमा केले आहे. कोणी बेपर्वाईने स्वयंपाक करील, कोणी आगट्या पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यास विस्तव नेईल, आणि वारा आहे की नाही याचा विचार करणार नाही. अशाने एका खणास आग लागली की सारे खण जळतील. विस्तवाचा एक कण गवताच्या राशीवर पडला की एकामागून एक सगळ्या राशी जातील. मग कुणब्यांच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण उभारण्यास एक लाकूडही मिळणार नाही. म्हणून मुख्य मुख्य माणसांनी स्वतः फिरत राहून पाहावे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीरही पेटती वात ओढून नेईल, तेवढेही घडू देऊ नये.

या मजकुरात तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवता येतात. पहिली, आग ज्वाळेच्या भिंतीप्रमाणे चालून येते असे येथे मानलेले नाही. ती कणाने, इंगळाने, वातीने येते. दुसरी, वाऱ्याचा विचार हा आगीच्या विचाराचाच भाग आहे. तिसरी, खणास खण आणि राशीस रास लागून असणे हाच खरा धोका आहे. शिक्षेने लाकूड परत येत नाही, हे वाक्य राजाज्ञेत यावे याचे महत्त्वही कमी नाही : येथे भर अपराध्याच्या शोधापेक्षा जागेच्या राखणीवर आहे.

गवताच्या राशींसाठी पत्रात 'लहळ्या' असा शब्द आला आहे. कागल-कोल्हापूरकडे गवताच्या किंवा पिंजराच्या रचलेल्या राशीस 'व्हळी' म्हणतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. मात्र ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे पथ्य पाळून त्यांच्या अर्थसाम्यावरच येथे समाधान मानणे बरे. सुकलेल्या वैरणीच्या राशीला स्वतंत्र नाव असणे याचा अर्थ ती घरापासून निराळी, स्वतंत्र लक्ष देण्याची वस्तू मानली जात होती, एवढे तरी निश्चित.

३. 'गड न्हाणणे'

दुसरी साक्ष थेट कोल्हापूरच्या गादीशी निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचे 'आज्ञापत्र' कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यातील दुर्गप्रकरण राजनीतीच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिले आहे. परंतु वसतीच्या जागेभोवतीची झाडी, गवत, केर आणि दारूगोळा यांची मांडणी कशी असावी, याचा तो एक सुसंगत आराखडाही आहे, या बाजूने त्याच्याकडे फारसे पाहिले गेले नाही.

त्यातील सूचना आतून बाहेर अशा क्रमाने मांडता येतात. दारूखाना घराजवळ नसावा आणि घरांच्या वाऱ्याखाली नसावा. त्यावर अहोरात्र पहारा असावा. गडावरील रस्ते, बाजार, तट येथे केरकसपट साचू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा. तटात उगवणारी झाडे कापावी, आणि तटाचे व तटाखालील गवत दरवर्षी जाळून गड 'न्हाणावा'. याच्याही बाहेर, गडाच्या घेऱ्यातील कलारग्याची झाडी मात्र प्रयत्नाने वाढवावी, तिच्यातील काठीही तोडू देऊ नये.

'गड न्हाणणे' हा प्रयोग विशेष लक्षणीय आहे. न्हाणे हे पाण्याचे कर्म. येथे ते अग्नीने साधावयाचे आहे. लहान आग मोठ्या आगीस अटकाव करते, हे ज्ञान या एका क्रियापदात साठवलेले आहे. तथापि या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. गवत जाळण्याचा मुख्य हेतू शत्रूस लपण्यास आडोसा मिळू नये आणि मुळांनी तटाचे चिरे फुटू नयेत हाच होता. वणव्यापासून संरक्षण हे त्याचे सहफल होय. परंतु केर उतारावर न टाकण्याच्या सूचनेमुळे जे घडते ते लक्षात घेण्याजोगे आहे : गडाच्या उतारावर साचलेला सुका केर म्हणजे खालून वर चढणाऱ्या आगीची शिडी असते, कारण उतारावर ज्वाळा वरच्या सुक्या पाल्यास आधीच तापवते. हेतू कोणताही असो, ही शिडी काढून घेतली जात होती.

आणखी एक गोष्ट या आराखड्यातून स्पष्ट होते. एकच ग्रंथ गवत जाळावयास सांगतो आणि झाडी राखावयास सांगतो. रान हा शत्रू नाही. जागा चुकलेले सुके गवत हा शत्रू आहे. तटालगत मोकळे, परसात हिरवे, दूर दाट, अशी ही कडी आहेत.

४. कागलकडील घर

गडाची गोष्ट राजसत्तेची झाली. सामान्य कुणब्याच्या घरी हीच कडी वेगळ्या नावांनी आढळतात. गावाची जमीन 'पांढरी' आणि 'काळी' अशी विभागलेली असे : पांढरीत वस्ती, काळीत पीक. दोहोंमध्ये गावकूस. पांढरी ही तुडवलेली, गवत न उगवणारी माती. तिच्यामुळे गावाभोवतीची सुकी पिके आणि घरांची छपरे यांत अंतर पडे.

घरासमोर अंगण. सडा आणि सारवण यांमुळे अंगणात काडीही राहत नसे. घरामागे परडे : मोरीचे सांडपाणी जिकडे जाई तिकडे केळ, अळू, भाजीपाला. म्हणजे घराच्या मागच्या अंगास ऐन वैशाखातही एक ओला पट्टा राही. कुंपणाला शेर, निवडुंग किंवा घायपात. यांपैकी शेर आफ्रिकेतून, तर घायपात आणि फड्या निवडुंग अमेरिका खंडातून आलेले. पण मराठी गावाने ते इतके आपलेसे केले की त्यांचे परकेपण कोणास आठवत नाही. या वनस्पतींच्या अंगात पाणी किंवा चीक भरपूर असल्याने त्या हिरव्या असेतोवर सहज पेट घेत नाहीत. मात्र त्यांच्या बुडाशी साचलेला पाचोळा पेटतो, म्हणून कुंपण झाडून घेणे अवश्य असे. १९२६ नंतर दक्षिण भारतात कोचिनील वर्गातील कीटक सोडून फड्या निवडुंगाचा मोठ्या प्रमाणावर नाश करण्यात आला. शेतीच्या दृष्टीने ते हिताचेच झाले. परंतु पुष्कळ ठिकाणी जिवंत कुंपणाची जागा पुढे काट्याकुट्यांच्या सुक्या कुंपणाने घेतली, हाही त्या घटनेचाच एक परिणाम होय.

वैरणीची व्हळी खळ्यावर किंवा मळ्यात रचली जाई. गुऱ्हाळही गावाबाहेर, उसाच्या शेतापाशीच घातले जाई. कारण चुलवाणाची धग आणि भोवतीचे चिपाडांचे ढीग यांना वस्तीत जागा नव्हती. यांतील कोणतीही गोष्ट केवळ आगीच्या भीतीने केलेली नव्हती. सारवण स्वच्छतेसाठी, परडे भाजीसाठी, खळे मळणीसाठी, गुऱ्हाळ उसाजवळ सोयीसाठी. तथापि प्रत्येक सवयीने सुके घरापासून दूर आणि ओले घराजवळ ठेवले. परंपरागत ज्ञान बहुधा असेच असते. ते एका हेतूने चालते आणि दुसऱ्यालाही उपयोगी पडते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या उणिवा झाकणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. सर्वांत दुबळी जागा छपराची. केंबळाचे छप्पर म्हणजे घराच्या डोक्यावर ठेवलेली व्हळीच. वळचणीला खोचलेले सरपण आणि भिंतीला लागून असलेला गोठा हे दुसरे दोष. शिवाय ही कडी सर्वांच्या वाट्यास सारखी येत नव्हती. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागे त्यांच्या झोपड्या गवताच्या आणि एकमेकींस खेटून असत. पांढरीचे संरक्षण त्यांना नव्हते, परड्यासाठी जागा नव्हती आणि विहिरीवर हक्कही नव्हता. आगीपासून बचाव हाही अखेर जमिनीच्या मालकीचाच प्रश्न होता. आणि ज्या अंगणाची येथे वाखाणणी केली, ते रोज पहाटे स्त्रियांच्या श्रमाने राखले जाई, हेही नमूद केले पाहिजे.

छपराचा दोष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू कमी झाला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे 'मंगळोरी कौले' पश्चिम किनाऱ्यावरून सर्वत्र पसरली. जुनी नळीची कौले होतीच. नवी कौले हलकी आणि सारख्या मापाची असल्याने ती साध्या घरांवरही चढली. मात्र कौल आले तसे घराभोवतीच्या जागेकडे लक्ष देण्याची निकडही ओसरली, असे म्हणण्यास जागा आहे.

५. कायदा आणि जाळरेषा

याच काळात आगीकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलत होती. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० नंतरच्या दशकात कर्नल पिअरसन यांनी आगीस पद्धतशीर प्रतिबंध करण्याचा प्रयोग केला, आणि तो पुढे इंग्रजी वनव्यवस्थेचा आदर्श ठरला. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलात आग लावणे हा अपराध ठरवला. कोल्हापूर हे १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थान होते. पण शेजारच्या मुलखातील या धोरणाचे वळण संस्थानांच्या कारभारातही उतरत असे.

महाराष्ट्राचे वनखाते आजही वणव्याच्या मोसमाआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी, जंगलाच्या कडेने ठराविक रुंदीचे पट्टे कापून आणि जाळून घेते. त्यांस 'जाळरेषा' म्हणतात. तत्त्व तेच, गड न्हाणण्याचे. फरक एवढाच की रेषेचे मध्यबिंदू बदलले. आज्ञापत्रात रेषा वस्तीभोवती होती; जाळरेषा लाकडाभोवती असते. जंगल वाचवण्याचा विचार लेखी, नकाशावर आणि अंदाजपत्रकात आला. घर वाचवण्याचा विचार ज्याच्या त्याच्या सवयीवर राहिला. सवय मोडली की त्याची नोंद कोठेच होत नाही.

६. सवय मोडते तेव्हा

कागल तालुक्यात ती मोडली आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, आणि शेतकऱ्याने गावठाण सोडून मळ्यात घर बांधले. या स्थलांतराने सुबत्ता आली यात वाद नाही. परंतु पांढरी आणि काळी यांतील अंतर त्याने पुसून टाकले. घराच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर उसाचा फड उभा राहतो. तोडणीनंतर पाचटाचा थर उंबऱ्यापर्यंत येतो. वरून विजेच्या तारा जातात. पाचट पेटवण्याची चाल आहेच. व्हळी आता खळ्यावर नसून, खळेच न उरल्यामुळे, गोठ्यास टेकून असते. छप्पर सिमेंटचे आहे एवढ्यावर घर निर्धास्त मानले जाते.

ही निर्धास्ती किती पोकळ आहे हे जगातील अलीकडच्या संशोधनावरून कळते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की वणव्यात घर पेटेल की नाही हे दूरच्या जंगलावर तितकेसे अवलंबून नसते. ते घराच्या आणि त्याच्या लगतच्या काही मीटरांतील वस्तूंवर ठरते. कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशात १९९७ पासून झालेल्या प्रयोगांत पेटत्या जंगलाच्या कडेपासून निरनिराळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या; १० मीटरवरील काही भिंती पेटल्या, २० आणि ३० मीटरवरील पेटल्या नाहीत. अनेक घरे ज्वाळेने नव्हे तर वाऱ्याबरोबर आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, हेही या संशोधनाने पुढे आणले. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंतची जागा सुक्या वाढीपासून राखणे कायद्याने आवश्यक आहे, आणि भिंतीलगतच्या पहिल्या ५ फुटांच्या पट्ट्याचा स्वतंत्र विचार तेथील २०२० च्या कायद्याने सुरू केला.

हे वाचताना चिपळूणच्या पत्रातील विस्तवाचा कण आणि उंदराने नेलेली वात आठवल्यावाचून राहत नाही. परंतु आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असा निष्कर्ष यावरून काढणे अशास्त्रीय ठरेल. त्यांनी भिंतीवरील उष्णता मोजली नव्हती. त्यांनी गवताच्या छपराखाली राहून, कित्येकदा घर गमावून, अंतराचे माप शिकले होते. पहिल्या ५ फुटांना मराठीत आधीपासून नाव आहे : ती वळचण. त्यापुढच्या मोकळ्या जागेचे नाव अंगण, ओल्या पट्ट्याचे परडे, आणि सुक्या राशीच्या दूर जागेचे खळे. नव्या शास्त्रास येथे नवी परिभाषा घडवावी लागणार नाही. जुन्या शब्दांना त्यांच्या जागा परत द्याव्या लागतील.

शब्द आणि जागा यांचा संबंध असा दुहेरी असतो. जागा गेली की शब्द काही काळ रेंगाळतो, मग तोही जातो. 'खळे' हा शब्द कागलच्या नव्या पिढीस अजून कळतो, पण मळ्यातल्या घरी तो दाखवण्यास जागा नाही. शब्द अजून समजतो आहे तोवर त्याचा अर्थ जमिनीवर पुन्हा आखता येतो. फड आणि भिंत यांत काही पावलांची मोकळी, झाडलेली माती. सांडपाण्यावर वाढलेली केळ. आणि भिंतीपासून दूर, वारा पाहून रचलेली व्हळी : एवढ्याने वणवा थांबणार नाही, परंतु तो दाराशी येऊन परत फिरण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. जळलेल्या वाड्यांच्या इतिहासाबरोबर न जळलेल्या घरांचा इतिहास तपासण्याचे प्रयोजन तेच आहे.